आक्काला विचारलेला प्रश्न

“आक्का, तुला काय कळतंय त्यातलं? हात लावू नकोस!”

धाकट्या भावाचे ते शब्द ऐकून आक्का दारातच थबकली... आईवडील गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, त्याच्यापायी ठरत आलेलं लग्न मोडलं होतं आणि आता आपली खोलीही त्याच्या यंत्रांना देऊन ती स्वयंपाकघरात अंथरूण टाकत होती. त्याचं तिला काही नव्हतं. पण त्या लुकलुकणाऱ्या डब्यांत चाललंय तरी काय, हे कुणी सांगेल तर शपथ!

संगणकांचं जाळं चोरांपासून सुरक्षित राहील असं कसं आखायचं, याची परीक्षा तो देत होता. गेल्या खेपेला तो नापास झाला होता. आराखडा बरोबर, पण तो असाच का, हे परीक्षकांना पटवता आलं नव्हतं. आता सरावाला येणारा मित्रही ऐनवेळी आजारी पडला, तेव्हा नाइलाजानं तो आक्काकडे आला.

“तू एका दवाखान्याची मालकीण आहेस असं समज. तुझ्या संगणकांचं जाळं मी आखलंय, तू शंका काढायच्या.”

“मालकीण? मग उभी काय ठेवतोस? खुर्ची दे!”

तो हसला. आक्का ऐटीत बसली आणि तिनं प्रश्नांचा भडिमारच सुरू केला.

“चोर आधीच आत असला तर?”

“म्हणून आतही वेगवेगळे कप्पे.”

“अगं बाई! म्हणजे एक कप्पा गेला तरी बाकीचे वाचले!”

“बरं मालकीणबाई, आता माझा प्रश्न. तुमच्याकडचं काय गेलं तर तुमचं चालणारच नाही?”

दवाखान्याची मालकीण म्हणाली असती, रुग्णांची माहिती. पण आक्का तो खेळच विसरली. हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं...!

“बाकीचं मी आपणहून दिलं रे,” ती हळूच म्हणाली. “पण शाळेतून आलास की सगळा दिवस मला सांगायचास... ते कधी गेलं, कळलंच नाही. त्यावाचून नाही चालत माझं.”

त्यानं हातातलं पेन बाजूला ठेवलं. “आक्का... मी किती आंधळा गं!”

“वेड्या, मालकिणीसमोर रडतात का?” म्हणताना तिचेही डोळे वाहू लागले.

परीक्षेच्या दिवशी तो घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात शिरला.

“पास का नापास, आधी ते सांग!”

“ते शेवटी. आधी त्यांनी पहिलं काय विचारलं, ते ऐक...”

आक्कानं गॅस बंद केला आणि खुर्ची जवळ ओढली. “हं, मग? तू काय म्हणालास?”