आग्वालिंदाचे ठिपके

मानिसालेस शहरातल्या एका वर्तमानपत्रासाठी नोराल्बा वेबची पानं बनवायची. दरड कोसळून आग्वालिंदा हे डोंगरातलं गाव गाडलं गेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. त्याचं पान तिच्याकडे आलं. गावाचा नकाशा, आणि गेलेल्या प्रत्येक माणसाचा त्याच्या घरावर एक पिवळा ठिपका. वाचक स्क्रोल करेल तसतसा चिखल उतरणार आणि ठिपके त्याच्याबरोबर नदीकडे वाहत जाणार. माहिती एदिल्बेर्तोनं गोळा केली होती. तो बातमीदार, आणि त्याच गावचा.

दुपारच्या कॉफीनंतर तिनं पान चालवून बघितलं. सगळे ठिपके वाहिले. चर्चमागचा एक जागचा हलेना.

तिनं कोड तपासला. ठिपका पुसून नव्यानं टाकला, फोनवर बघितलं. चिखल त्याच्यावरून जायचा आणि तो खाली मिणमिणत राहायचा. शेवटी वैतागून तिनं एदिल्बेर्तोला बोलावलं. तुझ्या माहितीतच काहीतरी घोळ आहे, म्हणाली.

तो वाकून बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला.

"आमचं घर आहे ते."

दरड कोसळली त्या संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला होता. डोंगर आवाज करतोय, शेजारीण बोलावतेय, जाऊ का, असं विचारत होती. मी गाडी घेऊन येतो, तोवर घर सोडू नकोस, असं त्यानं बजावलं होतं. वाटेत पूल वाहून गेला होता.

त्यानं पडद्याला बोट टेकवलं.

"आई," तो हळूच म्हणाला, "उशीर झाला गं मला. आलोय मी. चल."

ठिपका हलला.

नदीकडे नाही. चढावरून, रस्त्याच्या कडेकडेनं, थकलेलं माणूस चालतं तसा थांबत थांबत तो नकाशाच्या काठाशी गेला आणि दिसेनासा झाला. माउसवर कुणाचाच हात नव्हता.

सकाळी नोराल्बानं पान पुन्हा उघडलं. स्क्रोल केलं. चिखल उतरला.

एकही ठिपका हलला नाही.

नावानं हाक मारावी, तर पान हलकं व्हावं म्हणून माहितीतला नावांचा रकाना तिनंच उडवला होता.

"या," ती म्हणाली. "सगळे या."

ठिपके आपापल्या घराच्या दारापर्यंत आले. आणि तिथंच थांबले.