बोअरच्या तोंडाशी घेतलेलं नाव

शिशिर मला पहिल्यांदा दिसला तो गुडघ्यावर बसलेला. गैरसमज नको... माझ्यासमोर नाही, एका बोअरच्या तोंडासमोर. रायपूरच्या भनपुरी भागातल्या ट्रकांच्या रांगा मागे टाकून आमची जीप शेतात शिरली, तेव्हा अवकाळी भुरभुर चालू होती. हा माणूस लोखंडी पाइपावर कागदाचा कपटा धरून बसला होता. त्यानं बोटं सोडली आणि कपटा उडायच्या ऐवजी सरळ आत गेला. पाइपाजवळचे पावसाचे थेंबसुद्धा तिरके होऊन आतच चालले होते.

“श्वास घेऊन राहिली,” तो म्हणाला. “दुपारी सोडते.”

“हवेचा दाब,” मी पुस्तकी सुरात म्हटलं. “खाली खडक विरघळून पोकळ्या झाल्या असतील.”

“हव. ते मलेही माहीत आहे.” तो हसला. “तरी तुम्ही जरा दूरच उभ्या राहा.”

मी मूळची नाशिकची. शंकर नगरच्या एका ऑफिसात खडकांचं रासायनिक पृथक्करण करायला रायपूरला नुकतीच आले होते. तो इथल्याच तात्यापारा वस्तीतला, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच मराठी, आणि बोअरवरचा भूवैज्ञानिक. खालून निघालेले खडकाचे दांडे तो पेट्यांत मांडायचा आणि नमुने निवडायला मी जायची. नमुने ड्रायव्हरनंही आणले असते म्हणा. मीच जात राहिले.

“ओळखा पाहू,” एकदा त्यानं दांड्यावर आम्लाचा थेंब टाकला. काहीच झालं नाही.

“डोलोमाइट. चुनखडी असती तर लगेच फसफसली असती.”

त्यानं सुईनं ओरखडा काढला, भुकटीवर पुन्हा थेंब टाकला. आता बारीक बुडबुडे आले. “पाहा, खरवडल्याशिवाय बोलत नाही.”

“इथली माणसंही अशीच का?”

“खरवडून पाहा ना...” तो म्हणाला, आणि लगेच बोअरकडे बघून त्यानं पुढचा दांडा उचलला.

मग त्यानं मला दांड्यातले घुमटासारखे थर दाखवले. शंभर कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात सूक्ष्म जीवांनी रचलेले. पुढे मॅग्नेशियमचं पाणी झिरपलं आणि मूळचा कण न्‌ कण बदलून गेला. आकार मात्र तसाच राहिला.

“म्हणजे चेहरा तोच आणि आत दुसरंच कोणी,” मी म्हटलं, आणि माझ्याच अंगावर काटा आला.

एक गोष्ट मात्र मला सारखी टोचायची. ड्रिलर निरंजनभैया, चहावाल्या मीराबाई, सगळ्यांना तो नावानं हाक मारायचा. मला फक्त “ओ मॅडम”, नाहीतर “ऐका ना”. पिशवीभर नमुने नेणाऱ्या बाईला एवढाही मान नसावा?

एका दुपारी बोअरपाशीच मी त्याला सांगून टाकलं. “नागपूरच्या ऑफिसनं बोलावलंय. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय.”

तो बराच वेळ पेटीवरची धूळ पुसत राहिला. “जा... चांगलं ऑफिस आहे.”

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी भांडले. “एकदा माझं नाव घेऊन सांगा. मग जाते.”

“इथं नाही.”

“काहून?” त्याचाच शब्द मी त्याच्या अंगावर टाकला.

त्यानं मान खाली घातली. “बोअर उघडी असली की जीव लागलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नसते. ड्रिलर लोकांचा कायदा आहे. निरंजनभैयानं एकदा अशाच बोअरवरून आपल्या बायकोले, लताभाभीले, हाक मारली होती... त्याच साली भाभी गेल्या.”

मशीनपाशी उभ्या निरंजनभैयानं तोंड फिरवलं. माझे कान तापले. मी मनातल्या मनात वेडी झाले होते, खरं सांगते. प्रेमाची कबुली अशी कोणी देतं?

तेवढ्यात पाइपातून गार, ओलसर हवा आली. तिला चुन्याचा वास होता. आणि त्या हवेबरोबर आवाज आला... शिशिरचा. “संपदा... संपदा...”

शिशिरचे ओठ मिटलेले होते.

“तुम्ही यायच्या आधी तुमच्या ऑफिसातून नमुन्यांच्या पिशव्या आल्या होत्या,” तो पुटपुटला. “वर तुमचं नाव होतं. आवडलं म्हणून इथंच मोठ्यानं वाचलं. तुम्हाले पाहिलंही नव्हतं, वाटलं चालते. आता रोज दुपारी ऐकतो. म्हणून म्हणतो जा. दूर गेल्या तर वाचसाल.”

“आणि तुम्ही?”

“माझं नाव नाही तिच्यापाशी.”

मी उठले. “दीदी, पीछे,” निरंजनभैया म्हणाला. भीती वाटत होती, पण त्याच्याशिवाय सुखरूप राहणं मला जमणार नव्हतं. आमच्या घरच्या बायका चारचौघांत नवऱ्याचं नाव घेताना लाजतात. मी पाइपावर वाकले आणि स्वच्छ म्हटलं, “शिशिर.”

हवा थांबली. भर दुपारी, वेळ नसताना, बोअरनं श्वास आत ओढला. माझी ओढणीही आत जाऊ लागली... शिशिरनं मला घट्ट धरून मागे खेचलं.

“काय केलं हे तू?”

“आता तर घे माझं नाव,” मी म्हटलं. “लपवायचं काय उरलंय?”

“संपदा,” तो म्हणाला. किती हळू, किती जपून.

त्याचा हात मी सोडला नाही. खाली, पाइपाच्या तळाशी, कुणीतरी आमची दोन्ही नावं एकापाठोपाठ म्हणून पाहिली.