कडीतली डहाळी

पाऊलवेध यंत्र दुसऱ्या दिवशी जिल्ह्यात चालू व्हायचं होतं. गरोदर बाई पुढच्या तपासणीला येईल की नाही, हे ते आधीच सांगायचं. जी येणार नाही तिच्या घरी समजूत घालायला माणूस जायचा.

नाशिकच्या प्रयोगशाळेत यशवंत गावित यंत्रासमोर एक जुनं कार्ड घेऊन बसला होता. कार्ड त्याच्या बायकोचं, मंजुळाचं. सातव्या महिन्यात ती बाळंतपणाला माहेरी गेली. तिथल्या उपकेंद्राने लागोपाठ दोन मंगळवारी एकच शेरा मारला होता : ‘आली नाही’. रक्तदाब वाढलेला कुणाला कळलाच नाही. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. नऊ वर्षं यशवंत मनात तिला एकच विचारत होता, का गेली नाहीस गं?

“मॅडम, हिची माहिती घालून बघू?”

तहसीन इनामदार यंत्रावर त्याच्याबरोबर पहिल्यापासून काम करत होत्या. त्या म्हणाल्या, “बघ. पण यंत्र मन वाचत नाही हं. केंद्र किती लांब, सोबतीला कोण, घरातली म्हातारी काय म्हणते, मागच्या खेपेला नर्स खेकसली का, एवढ्यावरून अंदाज बांधतं. शंभरात पाच वेळा चुकतं.”

केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. सोबतीला आई. आधीची एकही तपासणी चुकवलेली नाही. उत्तर आलं : दोन्ही मंगळवारी येईल.

“त्या पाचांत नेमकी माझीच बायको!” यशवंत कडवट हसला.

“एकटीचा अंदाज चुकू शकतो. सगळ्यांचा घाल.”

त्या केंद्रात तेव्हा एकतीस बायकांची नावं होती. यंत्र म्हणालं, सव्वीस येतील. नोंदीत एकतीसच्या एकतीस ‘आली नाही’. दोन्ही मंगळवारी.

तहसीनबाईंनी चष्मा काढला. “दोन-चार चुकल्या असत्या तर म्हटलं असतं, यंत्र चुकलं. सव्वीस बायका एकदम घरी बसत नाहीत, यशवंत. हे बायकांचं नाही, दाराचं आहे.”

तिथल्या निवृत्त नर्स रखमाताई भोये यांना त्याने स्पीकरवर फोन लावला.

“मला त्या पंधरवड्यात दुसऱ्याच कामाला धाडलं होतं, भाऊ,” त्या म्हणाल्या. “केंद्राला कुलूप. मागाहून नोंदी भरायला लावल्या. रकाना रिकामा सोडता येईना. ‘आली’ नाहीतर ‘आली नाही’. मी काय लिहायचं?” मग हळूच म्हणाल्या, “परत आले तर कडीत डहाळ्यांचा हा एवढा जुडगा. वाळलेला. झाडून टाकला मी.”

यशवंतने फोन ठेवला. मंजुळाच्या गावची रीतच होती. दार बंद दिसलं की कडीत डहाळी खोचून परतायचं, म्हणजे घरच्याला कळतं, कुणी येऊन गेलं. लग्नानंतर ती एकदा प्रयोगशाळेत आली, तो नव्हता, तर काचेच्या दाराच्या मुठीत तिने करंजाची डहाळी खोचली होती. सगळे आठवडाभर त्याला चिडवत होते.

“उद्या यंत्र चालू करायचं नाही,” तहसीनबाई म्हणाल्या. “आधी ते केंद्रांच्या दारांकडे वळवू. कुठलं दार बंद राहणार, ते आधी सांगू दे.”

यशवंतने मान हलवली. खिशातलं पेन काढलं. कार्डावरचे दोन्ही शेरे खोडले आणि शेजारी सावकाश लिहिलं :

आली होती. दार बंद होतं.