नकार घेऊन आमासराला

पाऊस आला तशी मी किल्ल्याच्या कमानीखाली धावले, आणि तिथे आधीच उभ्या असलेल्या माणसाच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला.

"आई गं!"

"माफ करा, मी—"

"असू दे. दुसरा अजून शाबूत आहे." त्याने मासळीची टोपली ओढून घेत मला जागा करून दिली. "अंकाराहून?"

"कशावरून?"

"छत्रीशिवाय आमासराला येणारे सगळे तिकडचेच."

समोरचं बंदर पावसात पुसून गेलं होतं. त्याच्या दाढीतून पाणी ठिबकत होतं, आणि डोळे मात्र हसत होते.

"सुट्टीला आलात?"

"छे. एक काम उरकायचं आणि आजच परत." अनोळखी माणसाला खरं सांगणं सोपं असतं. मी सांगून टाकलं, "एका मुलाला नकार द्यायचाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं... पण ते मला नंतर आठवलं.

"बिचारा. काय केलं त्याने?"

"काहीच नाही, तेच तर! त्याच्या आईने माझ्या आईला फोन केला, माझ्या आईने मिठाईवाल्याला. येत्या रविवारी मागणी घालायला येताहेत सगळे. आणि तो? त्याने मला एका शब्दाने विचारलेलं नाही."

"मग फोनवरच नाही म्हणायचं."

"फोनवर? भित्रेपणा झाला तो."

"नकार द्यायला पाच तास बसने आलात," तो म्हणाला, "होकार असता तर पायीच निघाला असतात."

मला हसू आलं. खरं म्हणजे यायला नको होतं.

"नाव काय त्याचं? गाव छोटं आहे, दाखवतो."

"इल्गाझ. बोट आहे म्हणे. फोटो पाहिलाय, पण सैन्यातला. डोक्यावर टोपी, चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा. त्यावरून त्याची आईच काय ती ओळखेल."

त्याने दाढीवरून हात फिरवला. "बोटवाले दुपारशिवाय सापडत नाहीत. तोवर जेवून घ्या."

पाऊस उघडला. धक्क्यावर आम्ही तळलेली मासळी आणि परातभर सॅलड मागवलं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, तो एकाच बाजूने चावतोय.

"डावी दाढ किती महिने दुखतेय?"

त्याचा घास हातातच राहिला. "कोण म्हणालं?"

"मी लहान मुलांची दातांची डॉक्टर आहे. घाबरणारे लांबून ओळखू येतात मला. तोंड उघडा."

त्याने ओठ घट्ट मिटले. इतका मोठा माणूस, आणि चेहरा अगदी माझ्या बालवाडीतल्या पेशंटसारखा!

जेवण झाल्यावर जुना पूल ओलांडून आम्ही टेकडीवर चढलो. बंदर मागे राहिलं होतं आणि बोटवाला शोधायचा तर तिथेच, हे दोघांनाही माहीत होतं. बोललं मात्र कुणी नाही. वर वारा होता. ओल्या दगडांवरून माझा पाय घसरला तेव्हा त्याने हात पुढे केला, आणि मी तो गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ धरला.

"त्या मुलाच्या बाजूने बोलू का?" तो समुद्राकडे पाहत म्हणाला. "हिवाळ्यात इथे अर्धी दुकानं बंद असतात. नुसता वारा. अंकाराच्या डॉक्टरीणबाईंना 'इथे या' म्हणायची हिंमत झाली नसेल त्याची."

"म्हणून आईला पुढे करायचं?"

"...नाही. ते चुकलंच." अगदी हळू म्हणाला तो.

मला स्वतःशी खोटं बोलता येत नाही. हा माणूस मला आवडला होता. मग लपवायचं कशाला?

"ऐका," मी म्हटलं. "त्याला नकार दिला, की मी लगेच निघणार नाही. तुमच्याबरोबर चहा घेईन."

त्याचा चेहरा उतरला. "निलहान—"

मी त्याच्याकडे वळले.

"मी माझं नाव सांगितलं नव्हतं."

"नाही."

"तू इल्गाझ आहेस."

"हो. अंकाराची आहेस हे कळलं तेव्हा शंका आली, नकार म्हणालीस तेव्हा खात्री झाली. तिथेच सांगितलं असतं, तर पुढच्याच बसने गेली असतीस."

"गेलेच असते!"

"म्हणून नाही सांगितलं."

राग आला. अस्सा राग आला! आणि त्या रागातही तो तिथून जाऊ नये असं वाटत होतं, त्याचा आणखी राग आला.

"मग आता नीट ऐक. तुझ्या आईने माझ्या आईला जे विचारलं, त्याला माझा नकार आहे."

"ऐकला." त्याने नजर चुकवली नाही.

चहा न घेता आम्ही टेकडी उतरलो. बसच्या पायरीवर चढल्यावर मात्र मी मागे वळले. "रविवारी ये. ठरल्याप्रमाणे. पण येताना स्वतःचं तोंड घेऊन ये."

रविवारी ते आले: फुलं, चॉकलेटचा डबा, त्याची आई आणि मागणीचे ठरलेले शब्द म्हणायला खास आणलेले थोरले काका. रीतीप्रमाणे कॉफी मी केली, आणि रीतीप्रमाणे, नवऱ्या मुलाची परीक्षा म्हणून, त्याच्या कपात साखरेऐवजी मीठ घातलं. रीतीपेक्षा बरंच जास्त घातलं. तो ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. डोळ्यांत पाणी आलं, तोंड मात्र वाकडं झालं नाही.

काकांनी घसा खाकरला. "अल्लाच्या हुकमाने आणि पैगंबरांच्या वचनाने, आमच्या मुलासाठी—"

"काका, माफ करा. हे मलाच विचारायचंय."

त्याच्या आईने त्याची बाही ओढली. तो उठून उभा राहिला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"निलहान, उन्हाळ्यात मला बोट सुटत नाही, आणि तुला दवाखाना सोड असं मी म्हणणार नाही. बोट किनाऱ्यावर ओढली की सगळा हिवाळा मी अंकारात राहीन. उन्हाळ्यात तुला जमेल तेव्हा तू ये, नाही जमलं तर मी रडेन. बाकीचं भांडत ठरवू. माझ्याशी लग्न करशील?"

बाबांच्या हातातलं चॉकलेट तसंच राहिलं. माझ्या आईने डोळे गच्च मिटून घेतले.

"करेन," मी म्हणाले, आणि सगळ्यांच्या देखत जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले.

"अरे, पण माझं वाक्य!" काका कळवळून म्हणाले. "सगळ्या वाटेत पाठ करत आलो होतो!"

मग आम्ही त्यांना ते पहिल्यापासून म्हणू दिलं. लांबलचक वाक्य होतं. ते संपेपर्यंत मी इल्गाझचा हात सोडला नाही.