उर्वीचं निसटणारं वाक्य

“नदीकाठच्या बाभळीवर सुगरणीने घरटे विणले होते, पण पहाटेच्या वादळात फांदी मोडली आणि ते पाण्यात पडले.”

उर्वीने हे वाक्य अक्षराअक्षरावर बोट ठेवत वाचलं. सावकाश, अडखळत, पण एकही अक्षर न चुकता. समोरचं वाचनयंत्र मऊ आवाजात म्हणालं, “छान. आता सांग, घरटे पाण्यात का पडले?”

उर्वीने ओळीवरचं बोट उचललं. मग म्हणाली, “कुठलं घरटं?”

मागच्या बाकावर बसलेली कांचनआजी पुढे वाकली.

कांचनआजी म्हणजे डॉ. कांचन माळवदे. माणसाचा मेंदू कसा वाचतो, याचा चाळीस वर्षं अभ्यास केलेली बाई. उर्वी तिच्या भावाची नात. आईबाबा कामावर, म्हणून आज आजीच तिला घेऊन शाळेत आली होती. साल होतं २०५९, आणि नियम जुना होता: तिसरीच्या शेवटी प्रत्येक मुलाने मिनिटाला निदान साठ शब्द वाचायचे आणि वाचलेल्यावरच्या पाचपैकी चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. नाही जमलं, तर चौथीचा वर्ग बंद. उर्वीचे शब्द भरले एकतीस, आणि उत्तर बरोबर आलं एक.

“जूनमध्ये आणखी एक संधी आहे,” देशमाने बाई हळूच म्हणाल्या. “पण शेवटची.”

दोघी घरी आल्या. चपला काढता काढता उर्वीचा बांध फुटला. “माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय! मी सगळं बरोबर वाचलं ना गं?”

“वाचलंस की. म्हणून तर हे कोडं आहे,” आजी म्हणाली. “बस इथे. आता मी वाचते, तू ऐक.”

आजीने तोच उतारा वाचून दाखवला. प्रश्न विचारायच्या आत उर्वी म्हणाली, “वादळानं फांदी मोडली म्हणून घरटं पडलं. बिचारी सुगरण!” पाचही उत्तरं तिने पटापट दिली.

डोळे ठीक, कान ठीक, समज तर लख्ख. मग वाचताना अर्थ जात कुठे होता?

आजीने कपाटातून एक हलकी टोपी काढली. तिच्यात बारीक दिवे बसवलेले होते. मेंदूच्या ज्या भागाला जास्त काम पडतं, तिकडे रक्त जास्त धावतं. टोपी ते टिपायची आणि पडद्यावर तो भाग उजळायचा. टोपी घालून उर्वीने पुन्हा ऐकलं तेव्हा कानाच्या वरचा भाग शांतपणे उजळला. ती वाचायला लागली, आणि कपाळामागचा सगळा भाग भट्टीसारखा पेटला.

“बाप रे!” उर्वी म्हणाली.

“मेंदू बिघडलेला नाही, दमलाय,” आजी म्हणाली. तिने डब्यातून मूठभर चिंचोके काढले. “मेंदूत एक छोटी जागा असते. तिला कार्यस्मृती (हातातलं काम संपेपर्यंत गोष्टी धरून ठेवणारी आठवण) म्हणतात. ती तुझ्या मुठीएवढी समज. एकेक चिंचोका म्हणजे एकेक अक्षर. धर. न-दी-का-ठ-च्या-बा-भ-ळी-व-र...”

‘र’पर्यंत येता येता चिंचोके बोटांतून खाली पडू लागले.

“पाहिलंस? तू वाक्याच्या शेवटाला पोचतेस तेव्हा सुरुवात खाली सांडलेली असते. मग घरटं कुठून आठवणार?” आजीने ‘नदीकाठच्या’चे पाच चिंचोके एका चिंधीत बांधले, ‘बाभळीवर’चे दुसरीत. “आता धर बघू.”

चिंध्यांची टोकं धरली की दोन्ही पुरचुंड्या दोन बोटांच्या चिमटीत सहज राहिल्या. बाकीची मूठ मोकळीच उरली.

“सराव झाला की मेंदू अक्षरं सुटी बघत नाही, अख्खा शब्द एका दमात ओळखतो. याला म्हणतात वाचनओघ (न अडखळता, अर्थाकडे लक्ष देत वाचता येणं). मग मूठ रिकामी राहते, आणि त्या रिकाम्या जागेत अर्थ बसतो. चौथीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान सगळं वाचूनच शिकायचं असतं. म्हणून तिसरीला हा उंबरठा ठेवला.”

उर्वीने चिंध्या खाली ठेवल्या. “ठेवला म्हणजे? कुणी केला हा नियम?”

आजीने सांडलेले चिंचोके गोळा करायला घेतले. “एक समिती होती. तीस वर्षांपूर्वीची. मी होते तिच्यात.”

“म्हणजे तू मला नापास केलंस?”

आजीला वाटलं होतं, हा प्रश्न कधीतरी कुणीतरी मोठं माणूस विचारेल. तो आठ वर्षांच्या पोरीने, रडवेल्या तोंडाने विचारला. उत्तर द्यायला तिला फार मागे जावं लागलं.

“माझे वडील, अण्णा, कराडात दुकानांच्या पाट्या रंगवायचे,” ती सांगू लागली. “सायकलला रंगाचे डबे टांगलेले, कॅरिअरवर मी. आधी सुताला खडू लावून भिंतीवर रेघ मारायची. मग अण्णांचा ब्रश असा फिरायचा, की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. टर्पेंटाइनचा तो वास अजून नाकात आहे माझ्या. पण अण्णांना वाचता येत नव्हतं गं. कागदावर लिहून दिलेलं बघून ते अक्षरं चित्रासारखी काढायचे. एकदा ‘दवाखाना’च्या जागी ‘दवाखना’ रंगवलं. बाजारातली माणसं हसली. अण्णा शिडीवरून उतरले आणि मला म्हणाले, ‘कांचे, उद्यापासून तू वाच, मी काढतो.’ तेव्हा मी दुसरीत होते.”

“ते शाळेत नव्हते गेले?”

“गेले होते की! पाचवीपर्यंत. दर वर्षी त्यांना वरच्या वर्गात ढकललं. वाचता येतं का, हे एकानेही विचारलं नाही. पाचवीत पुस्तक उघडलं की अंधार. शेवटी त्यांनी शाळाच सोडली. म्हणून मी समितीत भांडले, की तिसरीत थांबून प्रत्येक मुलाकडे कुणीतरी नीट बघितलंच पाहिजे.”

उर्वीने एक चिंचोका उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाली, “पण आजी, तुला वाचायला पाट्या होत्या. मला कुठेयत?”

आजी चमकली. खरंच की! तिच्या लहानपणी एसटीच्या कपाळावर गावाचं नाव, भिंतींवर जाहिराती, भेळेच्या कागदावर अर्धवट बातमी. न मागता दिवसाला हजार शब्द डोळ्यांखालून जायचे. आता दुकानं स्वतःच बोलत, बस थांबली की गाव सांगे, उर्वीचा बोलका चष्मा परीक्षेबाहेर प्रत्येक ओळ कानात वाचून टाके. नियम जसाच्या तसा राहिला होता, आणि सराव मात्र कधी नाहीसा झाला ते कुणाला कळलंच नव्हतं. उंबरठा बांधताना पायऱ्याही बांधायच्या असतात, हे समिती विसरली होती. कांचन माळवदेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी चष्मा टेबलाच्या खणात गेला. मेच्या सुट्टीत दोघी रोज संध्याकाळी जुन्या पेठेत जाऊ लागल्या, कारण तिथली थोडी दुकानं अजून मुकी होती. “तां-ब्या-पि-त-ळे-ची...” उर्वी अडखळे, वैतागे, एकदा तर भर रस्त्यात बसली. आजी तिच्याजवळ कट्ट्यावर टेकून वाट बघे. घरी आल्यावर एकच छोटा उतारा चार वेळा वाचायचा. पहिल्यांदा अक्षरांसाठी, चौथ्यांदा मजेसाठी.

पाचव्या आठवड्यात टोपी पुन्हा घातली. कपाळामागची भट्टी विझत आली होती, आणि डावीकडे, कानामागे जरा खालच्या बाजूला, एक नवा ठिपका लुकलुकत होता.

“हे काय?”

“तुझी अक्षरांची जागा. जन्मतः कुणाच्याच मेंदूत ती नसते. चेहरे नि वस्तू ओळखणाऱ्या भागातून प्रत्येकाला ती सरावाने घडवावी लागते. ही तू घडवलीस.”

उर्वीने आरशात मान वळवून कानामागे बोट लावून बघितलं.

जूनमध्ये यंत्राने नवा उतारा दिला, मिठागरावरचा. चौसष्ट शब्द. चार उत्तरं बरोबर. पाचवं चुकलं, पण ते चुकलं कारण उर्वी यंत्राशी वाद घालत बसली. देशमाने बाईंनी तोंडाला पदर लावून हसू दाबलं.

आजीने त्याच आठवड्यात नव्या वाचन समितीला पत्र लिहिलं: पहिलीपासून रोज अर्धा तास, बोलक्या उपकरणांशिवाय वाचन, आणि जे मूल अडखळेल त्याला मागे न ठेवता, त्याच्या शेजारी एक माणूस बसवावा. दोन महिन्यांनी उत्तर आलं. पुढच्या वर्षी दोनशे शाळांत करून बघणार होते. आजीने ते पत्र दोनदा वाचलं. अण्णांना वाचून दाखवता आलं असतं तर, असं तिला फार वाटलं.

स्वयंपाकघरात ताटं वाढली होती. “उर्वी, चल गं, भाकरी निवतेय!” तिने हाक मारली.

मग आजी दारात जाऊन उभी राहिली. उर्वी खिडकीत पाय पसरून बसली होती, मांडीवर पुस्तक. बोट ओळीवर नव्हतं, ओठ हलत नव्हते. फक्त डोळे पळत होते आणि मधेच ती एकटीच खुदकन हसली.

“थांब ना आजी,” मान वर न करता ती म्हणाली, “एवढं पान संपू दे.”