हमद पोर्टवरची बर्फाची गाडी

रविवारी सकाळी काचेचं दार ढकलून तो आत आला, तेव्हा आंद्रिया मोबाइलवर स्वतःच्याच आवाजाला हसत होती. अगदी पोट धरून.

आंद्रिया तुस्कानो वसईची. कतारमधल्या हमद पोर्टजवळच्या एका क्लिअरिंग कंपनीत ती कागदपत्रं बघायची. खोकं उघडलं की मालाचे फोटो काढायचे, बिलाशी ताडून बघायचे आणि कस्टम्सकडे पाठवायचे. गुरुवारी शेडमध्ये एक लाकडी खोकं उघडलं आणि आतून भलतंच काही निघालं. खाली रणगाड्यासारखे दोन रबरी पट्टे, वर शेतातल्या पॉवर टिलरचं इंजिन, बाकासारखी सीट, सायकलसारखं हँडल. कागदावर लिहिलं होतं, 'बर्फावर चालणारं वाहन'. आणि गाडीच्या अंगावर निळ्या रंगानं, हातानं काढलेलं नाव... जन्नत.

शेडबाहेर नजर जाईल तिथवर वाळू. आंद्रियाला राहवलं नाही. तिनं व्हिडिओ सुरू केला आणि गावाकडच्या म्हातारीचा नाकातला आवाज काढला. "आयो बाय! जन्नतबाय कतारला आल्यात गो! अगो, कोणीतरी सांगा त्यांना, हितं बर्फ फक्त ज्यूसच्या ग्लासात मिळतो!"

पाच मैत्रिणींच्या ग्रुपवर तिनं तो टाकला. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत त्याला कुणीतरी संगीत जोडलं, कुणीतरी खाली इंग्रजी अक्षरं टाकली, आणि रविवारी तो फिरून फिरून पुन्हा तिच्याच फोनवर आला.

"मॅडम, जरा मदत हवी होती," दारातला माणूस म्हणाला. उंच, सावळा, रास लफानच्या कुठल्याशा गॅस प्लांटचा बॅज गळ्यात. "माझी एक गाडी अडकलीय इथं."

"कुठली?"

त्यानं खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. "ही. दाखवायला सोपं पडतं आता. सगळ्या दोहानं पाहिलीय. तुम्हीही पाहिली असेल की."

"न... नाही," आंद्रिया म्हणाली, आणि तिनं आपला फोन हळूच टेबलावर पालथा घातला.

"मग बघा. बाई भन्नाट बोलते."

आणि आंद्रियाला तो व्हिडिओ पहिल्यांदाच बघत असल्यासारखा पूर्ण बघावा लागला. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"हसू नाही आलं?"

"नाही."

"मला आलं होतं," तो म्हणाला. "पहिल्या दोन वेळा."

त्याचं नाव यशोधन. सांगलीचा. गाडी त्यानंच डिझाइन केली होती आणि मिरजेच्या पोपटराव मेकॅनिकच्या शेडमध्ये दोघांनी मिळून ती बांधली होती. दोहातल्या एका ट्रेडिंग कंपनीला ती आवडली, तर ती कंपनी बर्फाळ प्रदेशांत विकायला अशा पन्नास गाड्या बनवून घेणार होती. पण त्याआधी इथल्या स्नो पार्कमध्ये, खऱ्याखुऱ्या बर्फावर चालवून दाखवायची होती. आणि कस्टम्सवाल्यांना काही केल्या कळत नव्हतं की ही शेतीची मशीन आहे, खेळणं आहे की वाहन.

आंद्रियानं त्याला सरळ काउंटरवर पाठवलं असतं तरी चाललं असतं. पण ती बसली. इंजिनाची माहिती, पट्ट्यांची मापं, नकाशे, सगळं नीट मांडून तिनं नवा अर्ज तयार केला. जेवायला उठली नाही.

"तुम्ही फार मदत करता हो," तो म्हणाला.

ते शब्द तिला टाचणीसारखे टोचले.

त्या आठवड्यात तो तीनदा आला. दर वेळी हातात दोन कडक करक चहा. आणि दर वेळी तो आला की आंद्रियाला आनंद व्हायचा, आणि आनंद झाला म्हणून पुन्हा लाज वाटायची.

"जन्नत कोण?" तिनं तिसऱ्या दिवशी विचारलं, फाइलमधून डोकं वर न काढता.

"जन्नत?" तो मुद्दाम थांबला. "ती माझी..."

फाइल हलायची थांबली.

"...पोलिओची सिस्टर."

"म्हणजे?"

"तुम्हाला काय वाटलं?" तो हसत होता.

"मला काही वाटलं नाही. मला कशाला काय वाटेल?"

मग त्यानं सांगितलं. काश्मीरमध्ये गुरेझला धरणाच्या कामावर तो दोन वर्षं होता. हिवाळ्यात रस्ते बंद. जन्नतदीदी पन्नाशीची आरोग्य सेविका. लसीचा डबा पाठीला बांधून कमरेएवढ्या बर्फातून वाडीवाडीला चालत जायची. "एकदा चार तास चालून आमच्या कॅम्पवर आली. डबा उतरवला. आधी डब्यातलं थर्मामीटर बघितलं. लस नीट आहे ना, म्हणून. मग बूट काढले. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती... गेली ती. मी म्हटलं, दीदी, स्नो-स्कूटर का नाही देत तुम्हाला? ती म्हणाली, ती टूरिस्टांसाठी असते, तिच्या किमतीत आमचं घर होतं." त्यानं चहाचा कप फिरवला. "म्हणून ही. टिलरचं इंजिन, कुठल्याही मेकॅनिकला खोलता येईल असं. दिसते विचित्र, मला माहितीय."

"विचित्र नाही दिसत," आंद्रिया म्हणाली. आपण त्या बाईच्या नावानं म्हातारीचा आवाज काढून हसलो होतो.

कस्टम्समधून गाडी सुटली. यशोधननं ती इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये नेली आणि पुढच्या शुक्रवारी, चर्चमधली मिसा आटोपल्यावर, आंद्रिया त्याच्याबरोबर दक्षिणेच्या वाळूच्या टेकड्यांवर गेली. जानेवारीतलं ऊन मऊ होतं. समुद्राकडून वारा येत होता.

"वाळू म्हणजे काय, न वितळणारा बर्फच," तो म्हणाला. "बस मागे. घट्ट धर."

कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांनाही कळलं नाही.

गाडी टेकडी चढली, शेंड्यावर क्षणभर डगमगली आणि पलीकडे अशी सुटली की आंद्रियाची किंकाळी आणि त्याचं हसणं एकात एक मिसळलं. खाली येऊन इंजिन बंद पडलं. एकदम शांतता. तिच्या भुवईवर वाळू होती. त्यानं बोट पुढे केलं... मग मध्येच थांबून स्वतःच्याच भुवईकडे नेलं.

"इथं... वाळू."

तिनं पुसली. उगाचच दोनदा.

"यशोधन, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"मलाही."

"मग आधी तू."

तो वाळूकडे बघत म्हणाला, "प्लांटमध्ये मला सगळे 'जन्नतबाय' म्हणतात. मेसमध्ये, बसमध्ये. मीही हसतो, काय करणार. पण या देशात तू एकटी आहेस, जी ही गाडी बघून हसली नाहीस." मग त्यानं मान वर केली. "बस, एवढंच. तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही," आंद्रिया म्हणाली. "भूक लागलीय."

परतीच्या वाटेवर, गाडी मागे लादलेल्या पिकअपमध्ये, तो गुणगुणत होता आणि ती खिडकीबाहेर बघत होती. एवढी लाज तिला जन्मात वाटली नव्हती.

सोमवारी त्याचा फोन आला. आवाज मुद्दाम हलका ठेवलेला. "डेमो रद्द. त्या कंपनीच्या बबीता मॅडमचा फोन होता. चेअरमनच्या मुलीनं घरी जेवताना तो व्हिडिओ दाखवला म्हणे. सगळे हसले. चेअरमन म्हणाले, लोक जिच्यावर हसतात ती गाडी आपण विकायची कशी? चला... खलास."

"यशोधन..."

"अगं, होतं असं. पोपटरावांना कसं सांगायचं, एवढाच प्रश्न आहे."

अल थुमामाच्या फ्लॅटवर तिनं रोझमेरीमावशीला सगळं सांगितलं. मावशी हॉस्पिटलात नर्स होती, तिला रडणाऱ्या माणसांची सवय होती. "फादरकडे जा," ती म्हणाली. "कन्फेशन कर, मन हलकं होईल."

"फादरांची गाडी थोडीच अडलीय, मावशी?"

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर ती गॅरेजवर गेली. यशोधन गाडीचा पट्टा उतरवत होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि तेच तिला सोसवलं नाही.

"तो व्हिडिओ मी केला होता."

"कुठला?"

"तो. जन्नतबायचा."

तो हसला. "आंद्रिया, मला बरं वाटावं म्हणून काहीही..."

त्याला खरं वाटेना. मग एकच मार्ग उरला. ती ग्रीसच्या वासात, पान्यांच्या ढिगाजवळ उभी राहिली, मुठी आवळल्या आणि नाकातून तो आवाज काढला. "आयो बाय... जन्नतबाय कतारला आल्यात गो..."

पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही. करायची गरजही नव्हती. त्याच्या हातातला पाना हळूहळू खाली आला.

"पहिल्या दिवशी तू म्हणालीस, पाहिला नाही."

"खोटं बोलले."

"आणि टेकडीवर?"

"सांगणार होते. मग तू जे बोललास... त्यानंतर धीर नाही झाला." ती रडत नव्हती. रडलं तर तो समजूत घालेल, आणि तेवढीही सवलत तिला नको होती. "माफ कर असं म्हणत नाही. फक्त तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं."

तो पुन्हा पट्ट्याकडे वळला. "तू जा आता," तो म्हणाला. रागानं नाही. थकल्यासारखा.

बुधवारी सकाळी आंद्रिया आधी आपल्या मॅनेजरसमोर, श्रीपती सरांसमोर उभी राहिली आणि तिनं सगळं कबूल केलं. गिऱ्हाइकाच्या मालाची अशी थट्टा म्हणजे नोकरीवर पाणी. सर तिला तीन वर्षं ओळखत होते म्हणून नोकरी वाचली. पण वॉर्निंगचं पत्र मिळालं, पोर्टचा पास जमा झाला, आणि तिचं टेबल सगळ्या ऑफिसची रोज नजर पडेल अशा कोपऱ्यात हलवलं गेलं. दुपारी तिनं सुट्टी टाकली आणि ती बबीता मॅडमचं ऑफिस शोधत गेली.

बबीता मॅडम लखनौच्या, बोलायला तुटक. आंद्रियानं हिंदीत सगळं सांगितलं. व्हिडिओ, खोटं, लसीचा डबा, जन्नतदीदीची बोटं. मॅडमनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"तुम्ही सॉरी म्हटल्यानं गाडी विकली जात नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

"माहितीय, मॅडम. पण हसले ते गाडीला नाही, माझ्या आवाजाला हसले. गाडी कुणी पाहिलीच नाही अजून."

मॅडमनी पेन बंद केलं. "तुम्हाला गाडी चालवता येते?"

"स्कूटीसुद्धा येत नाही."

"छान," बबीता मॅडम म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी सकाळी, पर्यटक यायच्या आधी, स्नो पार्कचं दार उघडलं. बबीता मॅडमनी चेअरमनना एकदा तरी बघायला राजी केलं होतं. आत दात वाजतील अशी थंडी. यशोधन गाडीजवळ उभा होता. भाड्याच्या जाड जॅकेटात बुडालेली आंद्रिया दिसली आणि तो थबकला.

"तुम्ही इथं?"

'तुम्ही'. बर्फापेक्षा तो शब्द गार होता.

"गाडी ह्याच चालवतील," बबीता मॅडमनी सांगून टाकलं. "बनवणाऱ्यानं चालवली तर त्यात काय विशेष? पाच मिनिटं घ्या, शिकवा."

त्यानं शिकवलं. तिच्याकडे न बघता. "क्लच इथं. हळू सोडा. वळताना अंग आत घ्या."

कठड्यापलीकडे चेअरमन आणि चारजण. गाडीमागे ओढायच्या फळीवर वाळूच्या दोन गोण्या आणि लसीच्या डब्यासारखा एक डबा बांधलेला. आंद्रियानं क्लच सोडला, गाडीनं हिसका दिला आणि बंद पडली. कठड्यापलीकडे कुणीतरी हसलं. मग दुसरं.

ते हसू तिच्या पाठीवर येऊन आदळलं. असंच रोज मेसमध्ये, बसमध्ये त्याच्यावर आदळत असणार... तिनं इंजिन सुरू करायची दोरी ओढली. इंजिन फुरफुरलं. पट्ट्यांनी बर्फ चावला आणि गाडी चढाला लागली. अर्ध्यावर पुढचा भाग उचलला गेला, तिचे हात आखडले.

"आंद्रिया, दाबू नकोस!" खालून त्याची हाक आली. "सोड! ती जाते आपोआप, तू फक्त बस!"

तिनं मूठ ढिली केली. गाडी खरंच गेली. वर पोचली, वळली, आणि गोण्या-डब्यासकट सावकाश खाली उतरली. कठड्यापलीकडे आता कुणी हसत नव्हतं. चेअरमन मफलर सोडून पुढे आले आणि त्यांनी यशोधनला पहिला प्रश्न विचारला तो पट्टा बदलायला किती वेळ लागतो, हा.

पन्नास नाही, बारा गाड्या ठरल्या. पुढच्या हिवाळ्यासाठी, चाचणी म्हणून. पहिल्या दोन गुरेझला.

बाहेर पार्किंगमध्ये लख्ख ऊन होतं. आंद्रियाच्या बोटांना अजून जाणीव येत नव्हती. यशोधन तिच्या मागून आला आणि शेजारी उभा राहिला.

"पोपटराव फोनवर रडले," तो म्हणाला.

"चांगलं झालं." ती थांबली. "मला इथं बोलावलं ते बबीता मॅडमनी. तुला अवघडल्यासारखं होईल हे माहीत होतं, तरी आले. आता जाते."

"जा की."

ती गेली नाही. "एक राहिलंय. एकदा लपवून बघितलं, आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते. मला तू आवडतोस. खूप. हे म्हणायचा मला आत्ता काही हक्क नाही, तेही माहितीय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल."

रस्त्यापलीकडून एक बस गेली. तो बुटाच्या टोकानं खडा हलवत राहिला.

"राग आहे अजून," तो म्हणाला.

"असणारच."

"टेकडीवर मी ते बोललो ना... ते आठवलं की जास्त येतो. माझीच मला लाज वाटते. कुणासमोर काय बोलून बसलो."

"लाज माझी आहे, यशोधन. तुझी नाही. तू कशाला घेतोस?"

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. नाक लाल झालेलं, डोळे उन्हानं बारीक केलेले.

"रोज थोडा कमी होतोय," तो म्हणाला. "पण लगेच गेलाय असं खोटं सांगणार नाही."

"मग मी थांबते. जाईल तेव्हा जाईल."

"थांबू नकोस."

तिनं मान खाली घातली. जॅकेट परत करायला हवं, एवढंच तिला सुचलं.

"थांबू नकोस म्हणजे..." तो अडखळला. "बरोबर चल. चालता चालता जाईल तो."

आणि तो निघाला. हात पुढे केला नाही, मागे वळूनही बघितलं नाही. फक्त चाल इतकी हळू केली, की तिला दोन पावलांतच गाठता आलं.