कांदळवनातली हाक

कॉफी गरम आहे तोवर घ्या. वीज इतक्यात येत नाही, आणि पाणी चढेपर्यंत होड्याही निघणार नाहीत. मघाशी तुम्ही पोरं नदीच्या वळणावरच्या हाकेवरून एकमेकांची टर उडवत होतात, म्हणून सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. जिच्या बाबतीत घडलं ती क्रिसांता माझ्या शेजारच्या घरात राहते. वल्हं खांद्यावर टाकून येताना तिला तुम्ही रोज बघता.

गेल्या साली, दोन नोव्हेंबरच्या रात्री. मेलेल्यांचा दिवस. सगळं प्वेर्तो प्रिन्सेसा शहर कबरस्तानात लोटलेलं. आम्हीही आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावल्या, तिथंच बसून भात खाल्ला आणि धक्क्यावर आलो. पाहुण्यांना काजवे बघायचे असतात, त्यांना कसला आलाय मेलेल्यांचा दिवस.

शेवटची होडी परत आल्यावर एक बाई आली. मनिलाची, मिलाग्रोस नाव. हातात पांढरी फुलं.

"काजवे नकोत मला," ती म्हणाली. "वळणापलीकडे जायचंय. माझा भाऊ तिथं बुडाला. फुलं सोडायची आणि परत यायचं."

तिचा भाऊ आर्नेल आमच्या सगळ्यांच्या लक्षात होता. त्या रात्रीच्या दोन वर्षं आधी तो काजवे बघायला आला आणि वळणापलीकडे होडी उलटली. त्याचं प्रेत मिळालं. वल्हवणारा दोमिनादोर मात्र आजवर सापडला नाही. हा क्रिसांताचा नवरा. गावानं लगेच ठरवून टाकलं, प्यायलेला होता. क्रिसांता घसा फोडून सांगायची, थेंबाला शिवायचा नाही तो. कोण ऐकतं? शेवटी तिनं त्याचीच होडी डागडुजी करून पाण्यात घातली आणि स्वतः वल्हं धरलं.

"मी नेते," क्रिसांता म्हणाली. "आधीच सांगते, मी दोमिनादोरची बायको."

मिलाग्रोसनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "त्या दारुड्याची?"

"बसायचं तर बसा. नाहीतर फुलं इथूनच फेका."

मी क्रिसांताला बाजूला घेतलं. "पोरी, आजची रात्र सोड. उद्या ने तिला."

"पहाटे विमान आहे तिचं, काका."

"मग वळणावर माफी तरी माग."

आपण सगळे मागतो ना, कांदळवनात राहणाऱ्या, न दिसणाऱ्यांना 'माफ करा, जाऊ द्या' म्हणतो. ती माझ्यावरच उखडली. "मी कसली माफी मागू? नवरा माझा गेलाय. मागायचीच असेल तर त्यांनी मागावी."

आणि गेली.

पुढचं मला दोघींनी सांगितलं. वेगवेगळं विचारलं, एका शब्दाचा फरक नव्हता.

वळणापर्यंत झाडं काजव्यांनी नुसती लखलखत होती. मिलाग्रोसचा आवाज जरा मऊ झाला होता. भाऊ लहानपणी कसा होता ते सांगत होती. "मला चिमणी म्हणायचा. एवढी मोठी झाले तरी चिमणीच." वळण आलं. क्रिसांतानं माफी मागितली नाही. वल्हं मारत राहिली.

होडी पलीकडे गेली आणि काजवे विझले. एकेक करून नव्हे. सगळे एकदम.

वारा नाही. बेडूक नाहीत. मिलाग्रोसनं अंदाजानंच फुलं पाण्यावर सोडली.

तेवढ्यात कांदळवनातून हाक आली.

"चिमणे..."

मिलाग्रोस उठून उभी राहिली. होडी कलली.

"खाली बसा."

"आर्नेल आहे तो. होडी तिकडं घ्या."

"खाली बसा म्हणते ना."

"चिमणे... इथं आहे मी..."

मिलाग्रोस रडायला लागली. एक पाय होडीबाहेर टाकला. क्रिसांतानं वल्हं मांडीत दाबलं आणि दोन्ही हातांनी तिचा झगा धरून ठेवला.

मग आवाज बदलला.

"क्रिसांता..."

दोमिनादोरचा आवाज. तसाच घोगरा.

"क्रिसांता... होडी इकडं घे..."

ती म्हणाली मला, "काका, तेव्हा जावंसं वाटलं. खरंच जावंसं वाटलं." पण दुसऱ्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोमिनादोरनं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. घरात तो तिला काय म्हणायचा, ते चार भिंतींबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. 'क्रिसांता' तर अख्खा धक्का दिवसभर ओरडत असतो. आणि 'चिमणी' आताच, याच पाण्यावर बोललं गेलं होतं.

तिनं मिलाग्रोसला खेचून खाली बसवलं. अंधाराकडे तोंड केलं.

"दोमी आहेस ना? मग घरात मला काय म्हणायचास, सांग."

...

"सांग की."

...

काही नाही. नुसतं पाणी.

"ऐकलेलं तेवढंच येतं तुला," क्रिसांता म्हणाली. "माझा नवरा असाच फसवून नेलास ना? हिला देणार नाही. मीही येणार नाही. आणि ही नदी तुझी एकट्याची नाही. उद्या पुन्हा याच वाटेनं येईन."

तिनं वल्हं मारलं.

होडी हलेना.

पुन्हा मारलं. हलेना. मागून कुणीतरी धरलेली. मागची बाजू खाली जाऊ लागली. पाणी आत आलं. पायाला लागलं. ती मागं वळली नाही. ओठ दाबून वल्हं मारत राहिली.

आणि मग होडी सुटली. सुटली म्हणजे... फेकल्यासारखी पुढं गेली. थेट वळणाच्या अलीकडे. तिथं काजवे होते.

धक्क्यावर मिलाग्रोसला मी आणि क्रिसांतानं धरून उतरवलं. तिचे दात वाजत होते. पण बाकीचे लोक कंदील घेऊन जमले तशी ती सरळ उभी राहिली.

"ऐका सगळे," ती म्हणाली. "हिचा नवरा प्यायलेला नव्हता. माझ्या भावालाही तिथं कुणीतरी हाक मारली असणार. तो उठला असेल. मी उठले तशीच." मग क्रिसांताकडे वळली. "दोन वर्षं मी त्याला शिव्या दिल्या, ताई."

"मला नका सांगू," क्रिसांता म्हणाली. "इथं सगळ्यांदेखत बोललात, तेवढं पुरे."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच वाटेनं गेली. आजही जाते. माफी मागत नाही.

सकाळी होडीतलं पाणी उपसायला मीच तिला हात दिला. होडी पालथी घातली तेव्हा दिसलं. मागच्या बाजूला, बाहेरून, चिखलाचे दोन पंजे. मी म्हटलं, बघ, याच हातांनी धरली होती. ती वाकून बघत बसली. "दोमी," एवढंच म्हणाली. मग मलाही कळलं. धरणाऱ्याची बोटं काठावरून आत वळतात. हे पंजे काठाच्या खाली होते. सपाट. बोटं वर.

ढकलताना असतात ना... तसे.